‘प्रमाण’ कोणाचे? न्यूरोफीडबॅकच्या परिभाषेविषयी काही विचार

न्यूरोफीडबॅक या पद्धतीचे वर्णन करताना ‘मेंदूचा व्यायाम’ हा शब्दप्रयोग सर्रास केला जातो. अमरावतीच्या वाचकाला व्यायाम म्हटल्यावर १९१४ साली स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आठवावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु ही उपमा मुळातच लंगडी आहे. मल्लखांबावर उस्ताद पकड करून दाखवितो व शिष्य तिचे अनुकरण करतो. येथे मात्र करून दाखविण्याजोगे काहीच नसते.

डोक्याच्या त्वचेवर बसविलेल्या विद्युदग्रांतून मेंदूची स्पंदने टिपली जातात. ती इतकी क्षीण असतात की मायक्रोव्होल्टांत मोजावी लागतात. त्यांतून संगणक एक ठरावीक पट्टा निवडतो. त्या पट्ट्यातील लहरी इष्ट मर्यादेत आल्या की पडद्यावरील चित्र उजळते, न आल्यास मंदावते. समोर बसलेल्या मुलाला जमले एवढेच कळते. कसे जमले हे त्याला सांगता येत नाही. १९६० च्या सुमारास शिकागो येथे जो कामिया यांनी केलेल्या प्रयोगांतही असेच दिसले. घंटा वाजली की त्या क्षणी आपल्या मेंदूत आल्फा लहर आहे की नाही, हे माणसाने ओळखावयाचे, आणि उत्तर बरोबर की चूक एवढेच त्याला सांगावयाचे. अशा सरावाने काहींना ते अचूक ओळखता येऊ लागले.

मराठीच्या अभ्यासकाला याचे फारसे नवल वाटू नये. ‘मला झोप आली’, ‘मला आठवले’ अशा वाक्यांत अनुभव घेणारा चतुर्थीत उभा असतो. क्रिया त्याच्याकडे येते, तो ती करीत नाही. वऱ्हाडीत ‘मले झोप आली’ म्हणतात; प्रत्यय बदलतो, रचना तीच राहते. ‘मेंदूला वळण लावणे’ या प्रयोगाने मात्र कर्ता बाहेर कोठेतरी बसला आहे असा भास होतो, आणि जाहिरातींना तो भास सोयीचा पडतो.

‘व्यक्तिनुरूप योजना’ हा दुसरा शब्द अधिक काळजीपूर्वक तपासला पाहिजे. प्रथम व्यक्तीच्या लहरींचा आलेख काढून तो समवयस्कांच्या सरासरीशी ताडतात आणि जेथे अंतर दिसेल तेथे उपचार योजतात. म्हणजे योजना व्यक्तीची, पण मोजपट्टी समूहाची. अवधान-न्यूनतेच्या निदानात थीटा व बीटा लहरींच्या गुणोत्तराला मोठे महत्त्व आले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली त्यावर आधारलेल्या एका साधनाला निदानास साहाय्यक म्हणून मान्यताही दिली. यात थीटाचा पट्टा साधारणतः सेकंदाला ४ ते ८ आवर्तनांचा धरतात. प्रौढाच्या आल्फाचे शिखर १० च्या आसपास असते. लहान मुलाचे त्याहून मंद, कित्येकदा ८ च्या जवळ. अशा मुलाची आल्फा लहर ठरावीक पट्टीने मोजली तर तिचा काही भाग थीटाच्या खात्यावर जमा होतो. गुणोत्तर फुगते, आणि निव्वळ मंद गतीचे मूल अवधानहीन ठरते.

आमच्या क्षेत्रात ही चूक जुनीच आहे. ग्रियर्सन यांनी १९०५ च्या मराठीविषयक सातव्या खंडात वऱ्हाडीची स्वतंत्र नोंद केली. तरीही ‘डोया’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला ‘डोळा’ म्हणता येत नाही, असे समजणारे शिक्षक आजही आढळतात. त्याचा ‘य’ नियमाने येतो, अज्ञानाने नव्हे. पट्ट्यांच्या सीमा त्या व्यक्तीच्या स्वतःच्या आल्फा-शिखरावरून आखाव्यात, असे काही संशोधक म्हणतात. त्यांचा आग्रह आम्हाला याच कारणाने योग्य वाटतो. ‘व्यक्तिनुरूप’ हा शब्द तेथेच सार्थ होतो.

उपचाराच्या फलश्रुतीबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेत ७ ते १० वर्षांच्या १४४ मुलांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींना खरा प्रतिसाद दिला, तर काहींना लटका; कोणाला कोणता, हे पालकांनाही ठाऊक नव्हते. दोन्ही गटांतील मुले सुधारली, आणि अवधानाच्या बाबतीत दोहोंत लक्षणीय अंतर आढळले नाही. तेव्हा अकोल्याच्या वा अमरावतीच्या पालकाने तीस-चाळीस बैठकांचे शुल्क भरण्यापूर्वी निदान दोन प्रश्न विचारावेत: मुलाचे आल्फा-शिखर कितीवर आहे, आणि ज्या सरासरीशी त्याला ताडले ती कोणत्या मुलांची आहे?