संख्यानामांची सुधारणा आणि प्राथमिक गणिताचे अध्यापन : एक चिकित्सा

प्रास्ताविक :

जूनमध्ये प्राथमिक शाळांचे नवे सत्र सुरू होताना मुलांच्या हाती कोणते पाठ्यपुस्तक पडणार याची चर्चा होते. त्या पुस्तकातून मूल नेमके काय शिकणार याची चर्चा मात्र क्वचितच होते. २०१९-२० या शैक्षणिक वर्षात इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून उठलेला वाद या दृष्टीने अपवादात्मक होता. बालभारतीच्या या पुस्तकात ‘एकवीस’, ‘त्रेसष्ट’ या रूढ नावांबरोबरच ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी दशक आधी व एकक नंतर उच्चारणारी नावे देण्यात आली. ज्येष्ठ गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर या गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या. मराठी भाषेची मोडतोड होत असल्याचा आक्षेप घेण्यात आला आणि विधानसभेत तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या आडनावातील ‘वीस’वर कोटीही झाली. कोटी लोकांच्या लक्षात राहिली, मूळ शैक्षणिक प्रश्न मात्र मागे पडला.

हा प्रश्न आज पुन्हा तपासणे आवश्यक आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ला अनुसरून प्राथमिक वर्गांच्या पाठ्यपुस्तकांची टप्प्याटप्प्याने पुनर्रचना सुरू झाली आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने पहिलीच्या अखेरीस ९९ पर्यंतच्या, तर दुसरीच्या अखेरीस ९९९ पर्यंतच्या संख्यांचे वाचन-लेखन हे उद्दिष्ट ठेवले. म्हणजेच सहा वर्षांच्या मुलाने एका वर्षात मराठीतील जवळजवळ सर्व संख्यानामे आत्मसात करावीत, अशी अपेक्षा आहे. ही नावे शिकणे किती अवघड आहे याचा विचार त्यामुळे टाळता येत नाही.

रूढ संख्यानामांचे स्वरूप :

मराठी संख्यानामांत तीन स्वतंत्र अडचणी आहेत. पहिली क्रमाची. ‘सत्तावीस’ या नावात सात आधी ऐकू येतो, २७ या लेखनात मात्र दोन आधी येतो. ऐकले तसे लिहिणारे मूल ७२ लिहिते. त्याचे ऐकणे अचूक असते, तरीही त्याचे उत्तर चुकते.

दुसरी अडचण रूपांच्या अनियमिततेची. ‘दोन’ हा अंक बावीसमध्ये ‘बा’, बत्तीसमध्ये ‘ब’, बेचाळीसमध्ये ‘बे’ आणि ब्याण्णवमध्ये ‘ब्या’ होतो. दशकांचेही तसेच. पन्नासचे ‘वन्न’ किंवा ‘पन्न’, साठचे ‘सष्ट’, सत्तरचे ‘हत्तर’, तर नव्वदचे ‘ण्णव’ होते. ही रूपे प्राकृतातून झालेल्या ध्वनिपरिवर्तनाचा परिपाक आहेत. अभ्यासकाला त्यांत इतिहास दिसतो, सहा वर्षांच्या मुलासाठी मात्र प्रत्येक नाव स्वतंत्रपणे पाठ करण्याचा शब्द असतो.

तिसरी अडचण वजाबाकीची. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठ नावे पुढच्या दशकातून एक वजा करून बनली आहेत. ५९ मध्ये मुलाला पाच दिसतात, पण नावात साठ ऐकू येतात. ९९ ला मात्र हा नियम सोडून ‘नव्व्याण्णव’ म्हणावे लागते.

ज्या घरात मराठी बोलली जाते व आकडे कानांवरून जातात, तेथील मूल हा भार फारसा न जाणवता पेलते. गोंडी ही द्राविडी कुळातील, तर कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे. अशा भाषा बोलणाऱ्या घरांतील मुलासमोर शाळेची भाषा, अंकांची चिन्हे आणि शंभर अनियमित शब्द एकाच वेळी येतात. पहिल्या पिढीतील शिकणाऱ्याची स्थितीही फारशी वेगळी नसते. सुधारणेमागील निदान योग्य होते, हे म्हणूनच मान्य करावे लागते.

सुधारणेची मर्यादा :

निदान योग्य असले तरी उपाय पुरेसा होता का, हा वेगळा प्रश्न आहे. ‘साठ तीन’ या नावाने क्रमाची व वजाबाकीची अडचण दूर होते. तथापि ‘साठ’ म्हणजे सहा दशक, ही स्थानिक किमतीच्या आकलनातील मध्यवर्ती गोष्ट त्या नावातून उघड होत नाही. साठ आणि तीन असे सुटे शब्द ऐकणारे मूल ६०३ लिहिण्याचीही शक्यता राहते.

या संदर्भात दोन उदाहरणे उद्बोधक ठरतात. नॉर्वेत पूर्वी एकक आधी उच्चारला जाई. दूरध्वनी क्रमांक सांगताना होणाऱ्या घोटाळ्यांमुळे तेथील दूरध्वनी खात्याने बदलाचा आग्रह धरला आणि जुलै १९५१ पासून दशक आधी उच्चारण्याची पद्धत अधिकृत झाली. शाळा व नभोवाणी यांनी ती स्वीकारूनही जुनी पद्धत लोकांच्या बोलण्यातून आजतागायत पूर्णपणे गेलेली नाही. वेल्श भाषेत पारंपरिक मोजणी विसाच्या पटीवर आधारलेली आहे, मात्र शाळेतील गणितासाठी ६३ ला ‘सहा दहा तीन’ अशा अर्थाचे नाव वापरतात. पारंपरिक नावे घड्याळाची वेळ व दिनांक सांगताना टिकून आहेत. दोन पद्धती एकत्र नांदू शकतात, परंतु त्यासाठी प्रत्येकीचे क्षेत्र ठरलेले असावे लागते, हे वेल्शच्या उदाहरणावरून लक्षात येते.

बालभारतीच्या पुस्तकाची उणीव नेमकी येथे जाणवते. जुनी नावे रद्द केलेली नव्हती. शिक्षकांना सोयीची पद्धत वापरता येईल, अशी भूमिका होती. ही भूमिका उदार असली तरी निवडीचा परिणाम मुलावर होतो. ऊसतोड मजुरांची मुले ऐन सत्रात गाव सोडतात व काही महिन्यांनी परततात. एका शाळेत ‘साठ तीन’ आणि दुसऱ्या शाळेत ‘त्रेसष्ट’ असे शिकवले गेले, तर सुधारणा ज्याच्यासाठी केली त्याच मुलाचा गोंधळ वाढेल.

विरोधाची मर्यादा :

विरोधकांच्या भूमिकेतही तथ्य होते. पंतोजींच्या शाळेतील पाढे, पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी ही तोंडी हिशेबाची परंपरा रूढ नावांच्या आटोपशीर उच्चारांवर उभी होती. ‘सात नवे त्रेसष्ट’ याची लय ‘सात नवे साठ तीन’ मध्ये टिकत नाही. आठवडी बाजारातील व्यवहारही रूढ नावांतच चालतो. तेथे ‘त्रेसष्ट रुपये’ न समजणारे मूल अडाणीच ठरेल.

परंतु ‘त्रेसष्ट’ वाचवण्याचा आग्रह धरताना एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले. सेमी इंग्रजी वर्गांत गणित इंग्रजीतूनच शिकवले जाते. शहरी मध्यमवर्गात भ्रमणध्वनी क्रमांक, गुण आणि किमती इंग्रजीत सांगण्याची सवय रुळली आहे. तेथील मुलाला ‘सिक्स्टी थ्री’ समजते, ‘त्रेसष्ट’चा अर्थ विचारावा लागतो. ‘साठ तीन’ म्हटल्याने भाषा बिघडते असे म्हणणाऱ्यांनी ‘सिक्स्टी थ्री’बद्दल बाळगलेले मौन विसंगत आहे. रूढ नावांचा ऱ्हास पाठ्यपुस्तकापूर्वीच सुरू झाला होता.

पर्यायाचा विचार :

या वादात मराठी शाळेत पूर्वीपासून असलेला एक दुवा दुर्लक्षित राहिला. ‘दशक’ आणि ‘एकक’ या संज्ञा प्राथमिक गणिताच्या पुस्तकांत रुळलेल्या आहेत. ‘सहा दशक तीन’ असे म्हटल्यास क्रम लेखनाशी जुळतो, दशकांची संख्या उघडपणे उच्चारली जाते आणि कोणताही नवा शब्द घडवावा लागत नाही. काड्यांचे दहा-दहाचे सहा गठ्ठे व तीन सुट्या काड्या हाताळताना मूल हेच बोलत असते. ही उक्ती पहिल्या टप्प्यावर, ‘साठ तीन’ हे संक्षिप्त रूप दुसऱ्या आणि ‘त्रेसष्ट’ तिसऱ्या टप्प्यावर असा क्रम पुस्तकातच स्पष्ट केल्यास शिक्षकाला दिशा मिळेल. दुसरीपर्यंत तोंडी परीक्षेत तिन्ही रूपे ग्राह्य धरावीत, तिसरीच्या अखेरीस मात्र रूढ नाव प्रत्येक मुलाला आलेच पाहिजे. अन्यथा सोपी नावे गरिबांच्या मुलांसाठी आणि व्यवहाराची नावे इतरांसाठी, अशी नवी विषमता निर्माण होईल.

समारोप :

२०१९ च्या सुधारणेने मुलाच्या चुकीमागील कारण भाषेत शोधण्याचे धैर्य दाखवले, हे तिचे श्रेय निःसंशय आहे. रूढ नावांपर्यंत नेणारी पायरी म्हणून नव्या नावांचे स्थान तिने स्पष्ट केले नाही, ही तिची उणीव. डॉ. नारळीकर यांचे २०२३ मध्ये निधन झाले. त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न मात्र अनुत्तरित आहे. येत्या सत्रात पहिलीत बसणारे मूल २७ ऐवजी ७२ लिहील, तेव्हा त्याच्या वहीवर फुली मारण्यापूर्वी त्याने काय ऐकले याचा विचार शिक्षकाने करावा, एवढी तयारी पाठ्यपुस्तक व शिक्षक-प्रशिक्षण यांनी मिळून करून देणे अगत्याचे आहे.