डस्ट बोल: नांगराचा दोष की पावसाचा? एका जुन्या वादाची उलटतपासणी

लिटरेचर रिव्ह्यूमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: ‘काही अभ्यासकांच्या मते कारण अ, काहींच्या मते कारण ब, एकूणात दोन्ही महत्त्वाची.’ वाचायला बरं वाटतं, पण यात रिव्ह्यू कुठेच झालेला नसतो. ‘अ’वाल्यांनी पुरावा काय दिला आणि ‘ब’वाल्यांनी तो कसा तपासला, हे सांगितल्याशिवाय पुढचा प्रश्न सुचत नाही. आजच्या पोस्टसाठी म्हणूनच अमेरिकेतल्या ‘डस्ट बोल’चा वाद निवडलाय.

पार्श्वभूमी थोडक्यात. कॅन्ससचा पश्चिम भाग, कोलोरॅडोचा पूर्व भाग, ओक्लाहोमा आणि टेक्सासचे पॅनहँडल, न्यू मेक्सिकोचा ईशान्य कोपरा: हा सगळा कमी पावसाचा, गवताळ मुलूख. पहिल्या महायुद्धात गव्हाचे भाव चढले, पाठोपाठ ट्रॅक्टर आले आणि लाखो एकर प्रेअरी नांगराखाली गेली. मग मंदी आली, भाव कोसळले. 1931 पासून पाऊसही रुसला. उघड्या जमिनीवरून धुळीची वादळं उठू लागली. त्यातलं सर्वात कुप्रसिद्ध 14 एप्रिल 1935 चं, म्हणजे ‘ब्लॅक संडे’चं. त्याच महिन्यात अमेरिकी काँग्रेसने मृदसंधारणाचा कायदा केला. 1936 मध्ये सरकारने काढलेल्या माहितीपटाचं नावच होतं ‘द प्लाव दॅट ब्रोक द प्लेन्स’. थोडक्यात, आरोपी ठरलेला होता: नांगर.

डोनाल्ड वर्स्टर यांच्या ‘डस्ट बोल’ (1979) या पुस्तकाने हा आरोप आणखी वर नेला. त्यांच्या मते नांगरामागे नफ्यासाठी जमीन ओरबाडणारी भांडवली वृत्ती होती. गंमत म्हणजे त्याच वर्षी पॉल बॉनिफिल्ड यांचंही डस्ट बोलवर पुस्तक आलं. त्यात तेच शेतकरी निसर्गाच्या तडाख्यातही चिवटपणे टिकून राहिलेले नायक आहेत. विषय तोच, घटना त्याच, निष्कर्ष मात्र उलटे! विल्यम क्रोनन यांनी 1992 च्या प्रसिद्ध लेखात नेमकी हीच जोडी घेऊन विचारलं, की इतिहासकार घटनांची गोष्ट करतो तेव्हा नेमकं काय करतो? लेख जरूर वाचा. पण बरेच विद्यार्थी तिथेच थांबतात: ‘प्रत्येकाची आपापली गोष्ट.’ असं म्हटलं की पुरावा तपासायची जबाबदारीच संपते. माझ्या मते हा त्या लेखाचा सर्वात सोयीस्कर आणि सर्वात कमी उपयोगाचा अर्थ आहे.

जेफ कन्फर तिथे थांबले नाहीत. वर्स्टर यांनी बारकाईने पाहिलेल्या काउंटी दोन: ओक्लाहोमातली सिमरन आणि कॅन्ससमधली हॅस्केल. ‘ऑन द ग्रेट प्लेन्स’ (2005) मध्ये कन्फर यांनी जीआयएसच्या मदतीने संबंध प्रदेशातल्या काउंटींचे आकडे एकत्र आणले आणि साधा प्रश्न विचारला: नांगरट जास्त तिथे धूळ जास्त, असं खरंच दिसतं का? तसं नीट दिसलं नाही. फारशी नांगरट नसलेल्या भागातही वादळं होती. पावसाचा तुटवडा आणि रेताड माती यांच्याशी धुळीचं नातं जास्त घट्ट निघालं. शिवाय एकोणिसाव्या शतकातल्या, म्हणजे मोठी नांगरट व्हायच्या आधीच्या, वर्तमानपत्रांतही कॅन्ससमधल्या धुळीच्या वादळांच्या बातम्या आहेत. कारण नसताना परिणाम दिसतो का, ही कसोटी त्यांनी चोख लावली. शिकायचं तर हे शिका.

आता हीच कसोटी उलट्या बाजूने कन्फर यांना लावू. दुष्काळ हे मुख्य कारण असेल, तर पुढच्या दुष्काळांतही तेवढीच धूळ उडायला हवी. झेनेप हॅन्सन आणि गॅरी लिबकॅप यांचा 2004 चा शोधनिबंध नेमका याच मुद्द्यावर आहे. 1950 आणि 1970 च्या दशकांत तशाच प्रकारचे दुष्काळ पडले, पण वाऱ्याने होणारी धूप 1930 च्या पातळीला गेली नाही. त्यांचं स्पष्टीकरण असं: 1930 च्या दशकात शेतं लहान होती. लहान शेतकरी जमिनीचा जास्तीत जास्त भाग पिकाखाली आणायचा आणि धूप रोखण्यावर कमी खर्च करायचा. त्याच्या रानातली रेती मात्र वाऱ्याबरोबर शेजाऱ्याच्या रानात जायची. एकट्याने बंदोबस्त करून भागत नव्हतं. 1937 नंतर मृदसंधारण जिल्हे झाले, तेव्हा सगळ्यांनी मिळून उपाय करायची सोय झाली.

इथेच कन्फर यांच्या पद्धतीतली खरी अडचण दिसते. वारा काउंटीची हद्द पाळत नाही. एका ठिकाणची सुटी माती दुसरीकडच्या जमिनीवर आदळून तिथलीही माती मोकळी करते. नांगरट मोजली एका काउंटीत आणि धूळ दिसली शेजारच्या काउंटीत, तर कोरिलेशन कमकुवत येणारच. ते कमकुवत आलं म्हणून नांगर निर्दोष सुटत नाही.

बेंजामिन कुक, रॉन मिलर आणि रिचर्ड सीगर यांचं 2009 चं काम वादाला वेगळंच वळण देतं. केवळ समुद्राच्या तापमानावर हवामानाचं मॉडेल चालवलं, तर 1930 च्या दशकातला दुष्काळ नीट उमटत नाही. उजाड जमीन आणि हवेतली धूळ मॉडेलमध्ये घातली, की तो जास्त तीव्र होतो, उत्तरेकडे सरकतो आणि प्रत्यक्षाशी जास्त जुळतो. म्हणजे ‘दुष्काळ की शेती’ ही वाटणीच लटकी पडते, कारण शेतीतून उडालेल्या धुळीने दुष्काळ वाढवला असू शकतो. पण इथेही सावध राहा. मॉडेलमध्ये धूळ संशोधकांनी घातलेली आहे. धुळीचा परिणाम काय होतो हे त्यातून कळतं. त्यातली किती नांगरलेल्या रानातली आणि किती मुळातच रेताड जमिनीची, हे कळत नाही. कन्फर यांचा प्रश्न त्यामुळे अजून जिवंत आहे.

हा वाद नुसता पुस्तकी नाही. धूळ फक्त पावसाअभावी उडाली असेल, तर मृदसंधारणावरचा खर्च बराचसा वाया गेला. लहान शेतांच्या रचनेमुळे उडाली असेल, तर एकेका शेतकऱ्याला उपदेश करून काही होणार नव्हतं. आणि वर्स्टर यांचं बरोबर असेल, तर हे दोन्ही उपाय वरवरचे.

तुमच्या विषयात तालुकानिहाय आकडे असोत की जिल्हानिहाय, रिव्ह्यू लिहिताना प्रत्येक शोधनिबंधाला तीन प्रश्न विचारा. कारण नसताना परिणाम दिसतो का? कारण असूनही परिणाम टळतो का? आणि मोजमापाचं एकक त्या प्रक्रियेच्या आवाक्याशी जुळतं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर तुमचा रिसर्च क्वेश्चन बहुधा तिथेच असेल.