संयुक्त खात्यातला बुलबुल

खामगावला लोक चांदी आणायला जातात. मी बुलबुलतरंग आणला. मेहकरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा माझ्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लांबट, चपटी वस्तू होती. घरी पोचलो, तर ती पाहून दारातच सौभाग्यवतींचा चेहरा असा उजळला की लग्नानंतर इतक्या वर्षांनी मलाच लाजल्यासारखं झालं. कागद सुटला आणि चेहरा मिटला. आत होता एक पोकळ लाकडी डबा, वर तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. किंमत रुपये चौदाशे फक्त.

"हे काय? बँकेतलं भंगार लिलावात घेतलं का?"

बायकोला ठाऊक नव्हतं, पण ती इतिहासाच्या अगदी जवळून गेली होती. ह्या वाद्याचं मूळ जपानी. नागोयाच्या मोरिता गोरो नावाच्या गृहस्थांनी १९१२ साली तारांच्या वाद्याला टाइपरायटरच्या धर्तीवर बटणं बसवली. त्याच वर्षी जपानात ताइशो राजवट सुरू झाली, म्हणून वाद्याचं नाव पडलं ताइशोगोतो. आपल्याकडे आल्यावर त्याने बुलबुलतरंग असं शायराला शोभेल असं नाव घेतलं. पुढे त्याला वीज जोडली, कर्णे लावले आणि वरातीत नि गणपतीत नेलं, तेव्हा त्याचा बेंजो झाला. त्या बेंजोवर २०१६ साली हिंदी सिनेमासुद्धा निघाला. माझ्या डब्याच्या नशिबी मात्र मेहकरची माडी आली.

मी बी.कॉम. त्यातून टायपिंगच्या परीक्षा पास, मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस. ही विद्या संगणकाने पाण्यात घातली होती. बटणांचं वाद्य पाहिल्यावर वाटलं, चला, कुठेतरी व्याज मिळालं! डाव्या हाताने बटण दाबायचं, म्हणजे खालची पट्टी तारेला पडद्यावर टेकवते, आणि उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. बटणांवर आकडेही छापलेले. आकडे पाहून ज्याला धीर येतो असा माणूस बँकेतच नोकरीला असतो.

आता टीका करायची तर प्रामाणिकपणे करू. पहिला दोष म्हणजे सूर टिकत नाही. पेटीचा सूर भात्यात हवा आहे तोवर उभा राहतो. इथे तार छेडली की सूर निघाला आणि पगारासारखा गेला. तो टिकवायचा तर नखी सारखी खालीवर फिरवत राहायची, आणि त्यातून जो टरटर आवाज निघतो त्याला बुलबुल म्हणणं हा त्या पक्ष्यावर अन्याय आहे. दुसरा दोष, स्प्रिंगा. सातव्या नंबरचं बटण एकदा खाली गेलं की जेवणाच्या सुट्टीला गेलेल्या कॅशियरसारखं, वर केव्हा येईल ते सांगता येत नाही. तिसरा दोष तारांचा. त्या मेहकरच्या उन्हाळ्यात सैल पडतात, मग छोट्या चावीने खुंट्या पिळत बसायचं. आणि एक जुळवावी तो दुसरी उतरते. आमच्या कॅशचा ताळा महिनाअखेरीला असाच जुळतो. म्हणजे जुळत नाही.

पण हे झालं माझं मत. खरे टीकाकार खालच्या खोलीत बसले होते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांनी चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवली. पहिल्या दिवशी मी 'सारेगम' टरटरवलं तेव्हा खालून हाक आली, "काय वाजवून राहिला रे हे?"

मी डबा खाली नेऊन दाखवला. अण्णांनी तो चष्म्यातून, मग चष्म्यावरून पाहिला आणि निकाल दिला. "एक तर हे परदेशी. दुसरं म्हणजे सूर खिळ्याने ठोकून बसवलेले, ना इकडे ना तिकडे. आणि मींड? एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊन दाखव बरं."

मला घसरता आलं नाही. पण हा निकाल मी आधी कुठेतरी ऐकलेला होता. कुठे, ते रात्री अंथरुणावर आठवलं. अण्णांच्याच तोंडून!

लहानपणी हजारदा ऐकलेली ती गोष्ट आहे. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली. का, तर वाद्य विलायती. सूर पट्टीला बांधलेले, त्यात आपल्या श्रुती नाहीत. आणि मींड निघत नाही. बंदी १९७१ साली सैल होऊ लागली. अण्णा तेव्हा तेवीस वर्षांचे. "त्या वर्षी दोघं मोकळे झाले," असं ते आजही सांगतात, "बांगलादेश आणि माझी पेटी." ज्या पेटीवर गोविंदराव टेंबे वाजवून गेले, ज्या पेटीवर महाराष्ट्रातलं निम्मं नाट्यसंगीत उभं राहिलं, तिला दिल्लीच्या साहेबांनी दाराबाहेर ठेवावं, हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. आणि पॅरिसला १८४२ साली पेटंट मिळालेल्या वाद्याच्या वतीने अण्णांनी माझ्या बुलबुलावर तीच तीन कलमं लावली! वरच्या साहेबाने आपल्याला झापलं की आपण शिपायाला झापतो. संगीतातही हीच पद्धत असेल, असं मला वाटलं नव्हतं.

हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. वडिलांना दाखवायच्या विसंगती आपण नेहमी पुढच्या रविवारी ठेवतो. डबा कपाटावर गेला.

गेल्या दिवाळीनंतर अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, उजवा हात राहिला, डावा गेला. डावा हात म्हणजे भात्याचा. पेटी कोपऱ्यात आणि अण्णा खाटेवर, दोघंही एकमेकांकडे न पाहता बसून असत. मंडळाचे लोक येत, "गुरुजी, तुमच्याबिगर मजा नाही पाह्य बाप्पा," म्हणत नि चहा पिऊन जात. शेवटी मीच म्हटलं, "अण्णा, तुम्ही बोटं चालवा, मी भाता मारतो."

दोन दिवस मारला. भाता मारणं म्हणजे हवा देणं नव्हे, हे मला तेव्हा कळलं. गाणारा कुठे थांबणार, कुठे जोर टाकणार, ते भात्याच्या हाताला आधी कळावं लागतं. ओळीच्या शेवटी सूर हळूच विझवायचा तर मी नेमका तिथे दम लावायचा. तिसऱ्या दिवशी अण्णांनी बोटं उचलली. "तू भाता मारून राहिला का सायकलीत हवा भरून राहिला?" त्यावर मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, आणि मग आठवडाभर पेटीचा विषय घरात कुणी काढला नाही.

नंतर एका संध्याकाळी म्हणाले, "तो तुझा डबा कुठं हाये?"

डबा काढला, धूळ पुसली. अण्णांच्या मांडीवर उशी, उशीवर डबा आणि त्यांच्या उजव्या अंगाला मी, नखी घेऊन. ते उजव्या हाताने बटणं दाबू लागले, मी तारा छेडू लागलो. तेव्हा ज्या दोषावर मी वर एवढा परिच्छेद खर्च केला तोच कामाला आला. ह्या वाद्याला श्वास नाही, म्हणून छेडणाऱ्याला अक्कल लागत नाही. मी आपला टरटर करत राहायचं. काय गायचं, कुठे थांबायचं ते सगळं अण्णांच्या बोटांत. त्यांनी भूप काढला. पाच सुरांचा राग, पाच बोटं. चालू हाताचा हिशेब त्यांनी आधीच करून ठेवला होता.

बँकेच्या भाषेत हे संयुक्त खातं, दोघांच्या सहीशिवाय न चालणारं. अशा खात्यात एक खातेदार शाखेत आला नाही की दुसऱ्याला किती हेलपाटे पडतात, ते काउंटरवर मी रोज बघतो. म्हणून मी संध्याकाळी साडेसहाच्या आत घरी येऊ लागलो. साहेबांना वाटलं, मला साखर निघाली.

दोन महिन्यांनी एका गुरुवारी मंडळाने आम्हां दोघांना गजानन महाराजांच्या मंदिरात नेलं. खुर्ची, उशी, डबा, सगळा सरंजाम. एका बाजूला पखवाज, दुसऱ्या बाजूला टाळांच्या दहा जोड्या. आमचा बुलबुल मलाच ऐकू येत नव्हता; मी केवळ अण्णांच्या बोटांकडे पाहून छेडत होतो. मंडळींनी मात्र "काय गोड वाजवता गुरुजी," म्हणून प्रसादाचे दोन पेढे जास्त दिले.

परत येताना ऑटोत अण्णा बराच वेळ गप्प होते. बँकेच्या चौकात म्हणाले, "मींड नाही रे याच्यात."

"नाही," मी म्हटलं.

"आणि तिसरी तार उतरली होती अभंगभर. तुले समजलं नाही?"

"नाही समजलं, अण्णा."

"चावी कुठं हाये?"

चावी घरी राहिली होती. त्यावरून ते घर येईपर्यंत मला बोलत होते.