उशिरा ऐकलेली साक्ष

पीटर टिरल या आयरिश लेखकाचे ‘फाउंडेड ऑन फिअर’ हे आत्मकथन आम्ही हाती घेतले ते काहीशा अनिच्छेनेच. ज्या देशाने जगभर, आपल्या भारतातही, कितीतरी धर्मगुरू आणि धर्मभगिनी पाठविल्या, त्याच देशातील एका कॅथॉलिक संस्थेविषयीची ही तक्रार. हातात पेन्सिल घेऊन, अतिशयोक्ती कुठे सापडते हे शोधीतच आम्ही वाचू लागलो, ही कबुली आरंभीच दिलेली बरी. पुस्तक मिटले तेव्हा खुणा पुष्कळ झाल्या होत्या. परंतु त्या अतिशयोक्तीच्या नव्हत्या.

टिरल यांचा जन्म १९१६ साली गॉलवे परगण्यातील एका अत्यंत दरिद्री कुटुंबात झाला. १९२४ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, भावांसह त्यांची रवानगी लेटरफ्रॅक येथील औद्योगिक शाळेत झाली. ही शाळा ख्रिश्चन ब्रदर्स या धर्मबंधूंच्या संघाकडे होती. अशा निवासी शाळांत न्यायालयाच्या आदेशाने मुले ठेवली जात. त्यांतील बहुतेकांचा अपराध एवढाच, की त्यांचे आईबाप गरीब होते. प्रत्येक मुलामागे सरकार अनुदान देई आणि संस्था धर्मसंघ चालवीत. टिरल तेथे आठ वर्षे राहिले, शिवणकाम शिकले आणि सोळाव्या वर्षी बाहेर पडले.

साहित्य म्हणून पाहता या आत्मकथनात उणिवा आहेत. लेखक लेखणीचा माणूस नव्हे. प्रसंगांची पुनरावृत्ती होते. माराची वर्णने एकामागून एक येतात आणि वाचक थकतो. पण हा थकवा टाळण्याजोगा दोष आहे काय? जे त्या मुलांच्या वाट्याला रोज आले, ते पुस्तकात एकदाच यावे अशी अपेक्षा करणे म्हणजे स्वतःच्या सोयीने वाचणे होय. या लेखनाचे खरे सामर्थ्य त्याच्या न्यायबुद्धीत आहे. ज्या ब्रदरने माया केली, त्याचेही श्रेय टिरल प्रामाणिकपणे देतात. सरसकट सर्वांना काळे फासणारा लेखक फेटाळता येतो. चांगल्याला चांगले म्हणणारा साक्षीदार फेटाळता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धात टिरल ब्रिटिश सैन्यात होते आणि जर्मनांच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडले. त्या छावणीतील दिवस लेटरफ्रॅकपेक्षा सुसह्य होते, असे ते सांगतात. आमची पेन्सिल येथे थबकली. मग ध्यानात आले, की शत्रूकडून प्रेमाची अपेक्षा कोणीच करीत नाही. मुलाला मात्र सांगितलेले असते, की हे घर देवाचे आहे.

या हस्तलिखिताचा इतिहास पुस्तकाहून कमी वेदनादायक नाही. शाळांतील शारीरिक शिक्षेविरुद्ध झगडणारे सिनेटर ओवेन शीही-स्केफिंग्टन यांच्या प्रोत्साहनाने टिरल यांनी हे लिहिले. पण ते छापले गेले नाही. २६ एप्रिल १९६७ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड हीथ या माळावर त्यांनी स्वतःला जाळून घेतले. प्रेताची ओळख पटायला सुमारे वर्ष लागले. तीही जवळ सापडलेल्या, स्केफिंग्टन यांच्या नावाच्या फाटक्या पोस्टकार्डावरून. स्केफिंग्टन यांच्या कागदपत्रांत पडून राहिलेले ते लेखन डिअरमिड व्हेलन या संशोधकाने शोधून संपादित केले आणि २००६ साली ते प्रसिद्ध झाले.

अशा पुस्तकांवर आपल्या मंडळींकडून दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा, की बालपणीच्या आठवणींवर विश्वास कितपत ठेवावा? याचे उत्तर २० मे २००९ रोजी प्रसिद्ध झालेल्या रायन आयोगाच्या अहवालाने दिले. लेटरफ्रॅकमधील शिक्षा कठोर, अतिरेकी आणि सर्वत्र पसरलेली होती व तिने भयाचे वातावरण निर्माण केले, असा त्या आयोगाचा निष्कर्ष आहे. दुसरा आक्षेप असा, की तो काळच तसा होता. परंतु चार वर्षांच्या पॅडी डॉइल या पोरक्या मुलाला अकरा वर्षांसाठी औद्योगिक शाळेत ठेवण्याचा आदेश न्यायालय देते, तेव्हा काळ म्हणजे कोण? न्यायाधीश, शिक्षक, धर्मगुरू आणि रविवारी मिस्साला येणारे शेजारी! डॉइल यांनी १९८८ साली ‘द गॉड स्क्वॉड’ या पुस्तकात आपली हकीकत सांगितली, तेव्हा तिला मोठा वाचकवर्ग लाभला. टिरल यांना हयातीत तो मिळाला नाही.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामांतही बोर्डिंगे आहेत, बालिकाश्रम आहेत. त्यांत झिजलेल्या धर्मभगिनींचे ऋण आम्ही जाणतो आणि आयर्लंडचा दोष त्यांच्या माथी मारण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु त्या संस्थांचा इतिहास आजवर आपण कोणाकडून ऐकला? सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकांतून, देणगीदारांच्या भाषणांतून, आमच्यासारख्यांच्या प्रवचनांतून. तेथे वाढलेल्या मुलांनी तो क्वचितच लिहिला. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त घरचे काहीही न झाकता सांगितले, म्हणूनच त्यांच्या श्रद्धेवर आपला विश्वास बसतो. संस्थेला निराळा न्याय का लावावा?

प्रभूकडे बालकांना आणणाऱ्यांना दटावले ते परक्यांनी नव्हे, शिष्यांनीच. संस्थेच्या अब्रूसाठी एखाद्याची आठवण दडपताना आम्ही पुरोहितांनी हे विसरू नये. उद्या बोर्डिंगमध्ये वाढलेल्या कुणी प्रौढ माणसाने आपली वही आमच्यापुढे ठेवली, तर ती पेन्सिलीवाचून वाचण्याचा आमचा प्रयत्न राहील. त्या वहीत कृतज्ञता असेल, तक्रार असेल, कदाचित दोन्ही असतील. ती वही कपाटात मात्र राहू नये.