जीप गाडीचें मूळ कर्तृत्व : एका रूढ समजुतीची छाननी

एकाद्या बखरीच्या अनेक नकला हातीं आल्या म्हणजे त्यांतील मूळ प्रत कोणती, हा प्रश्न संशोधकापुढें प्रथम उभा राहतो. यंत्रांच्या इतिहासांतहि तो टळत नाहीं. अमेरिकन सैन्याची जीप विलिस-ओव्हरलँड कंपनीनें निर्माण केली, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. १९४७ मध्यें मुंबईस महिंद्रांकडे विलिसच्याच गाड्यांची जुळणी सुरू झाल्यामुळें आपल्याकडे ती दृढ व्हावी हें स्वाभाविकच होय. समकालीन पुराव्यावर ती कितपत टिकते, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

प्रथम निर्विवाद गोष्टी सांगतों. जुलै १९४० मध्यें अमेरिकन सैन्याच्या क्वार्टरमास्टर खात्यानें टेहळणीच्या हलक्या गाडीसाठीं १३५ कारखानदारांकडून निविदा मागविल्या. चारी चाकांस गति, वजन सुमारें १३०० पौंड आणि पहिला नमुना ४९ दिवसांत, अशा अटी होत्या. दोनच कंपन्या पुढें आल्या : पेनसिल्व्हेनियांतील बटलर गांवची अमेरिकन बँटम व टोलेडोची विलिस. पैकीं ४९ दिवसांची मुदत बँटमनेंच पत्करली. तिच्यासाठीं कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्यानें आराखडे काढले, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजीं, मुदतीच्या अखेरच्या दिवशीं, नमुना मेरीलँडमधील होलाबर्ड येथें सैन्याच्या स्वाधीन झाला. विलिस व फोर्ड यांचे नमुने नोव्हेंबरांत आले. तत्पूर्वींच बँटमचे आराखडे सैन्यानें त्यांच्यापुढें ठेविले होते. मूळ प्रत समोर ठेवून केलेल्या लिखाणास स्वतंत्र ग्रंथ कसें म्हणावें?

तथापि विलिसचा पक्ष अगदींच पोकळ नाहीं. डेल्मर रूस यांनीं सुधारलेलें तिचें ६० अश्वशक्तीचें एंजिन बँटमच्या एंजिनाहून पुष्कळच सरस होतें, व १९४१ मध्यें सैन्यानें तिचीच गाडी प्रमाण मानिली. म्हणजे नकलकारानें पाठ सुधारला, हें मान्य केलें पाहिजे. पण पाठ सुधारणें निराळें आणि ग्रंथ रचणें निराळें.

बँटमच्या कैवाऱ्यांचेंहि सर्वच म्हणणें ग्राह्य नाहीं. प्रॉब्स्ट यांनीं दोन दिवसांत गाडी निर्मिली, असें मोठ्या कौतुकानें सांगितलें जातें. दोन दिवसांत तयार झाले ते निविदेचे आराखडे. गाडी घडविली ती हॅरोल्ड क्रिस्ट व कारखान्यांतील कारागिरांनीं. एंजिन कॉन्टिनेंटलचें, आंस स्पायसरचे. शिवाय सैन्याधिकाऱ्यांची समिति जून १९४० मध्यें बटलर येथें येऊन गेली होती, आणि कॅप्टन रॉबर्ट हॉवी यांनीं तर १९३७ मध्येंच फोर्ट बेनिंग येथें एक लहान, जमिनीसरशी गाडी करून पाहिली होती. वजनाची गोष्टहि बोधप्रद आहे. निविदेंत बँटमनें ती अट मान्य केली. प्रत्यक्ष नमुना १८०० पौंडांहून जड भरला. पुढें सैन्यासच मर्यादा २१६० पौंडांपर्यंत वाढवावी लागली. अस्सल दफ्तरांतील आकडाहि वस्तूशीं ताडून पाहिल्यावांचून स्वीकारूं नये, हा धडा आम्हां कागद जमविणारांनीं घेण्यासारखा आहे.

विलिसच्या जाहिरातींवरून १९४३ मध्यें अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढें तक्रार गेली. १९४८ मध्यें कमिशननें निर्णय दिला कीं, जीपची कल्पना बँटमनें सैन्याधिकाऱ्यांच्या सहकार्यानें प्रथम सिद्ध केली. हा निर्णय जाहिरातीपुरता असला तरी वरील पुराव्याशीं तो तंतोतंत जुळतो, म्हणूनच आम्ही तो ग्राह्य मानतों. पण बँटमला त्याचा उपयोग झाला नाहीं. युद्धकाळांत झालेल्या सहा लाखांहून अधिक जीपांपैकीं तिच्या वांट्यास तीन हजारहि आल्या नाहींत, आणि १९५० मध्यें ‘जीप’ या नांवाचा हक्कहि विलिसकडेच गेला.

बँटमचा तो पहिला नमुना आज अस्तित्वांत नाहीं. फोर्डचा १९४० चा नमुना मात्र जपला गेला आहे. नक्कल उरली म्हणून ती मूळ ठरत नाहीं, हें आमच्या वाचकांस निराळें सांगणें नको.