गीतरामायणाचे पहिले आवाज

उल्हासनगर कॅम्प ५ मधल्या आमच्या खोलीत गीतरामायणाच्या कॅसेटी आल्या तेव्हा मी शाळेत होतो. वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत कामाला. रविवारी सकाळी दार उघडे ठेवून ते कॅसेट लावत, आणि शेजारचे सिंधी काका चहाचा कप घेऊन उंबऱ्यापाशी येऊन बसत. काकांना मराठी समजे, पण ते अडेल तिथे बेधडक विचारत. सीतेचे अखेरचे गाणे चालू असताना त्यांनी एकदा विचारले, "भाऊ, ही सीता बोलते ना? मग बाई का गात नाही?"

वडील म्हणाले, "रेडिओवर बाईच गायली होती. लताबाई."

हा लेख त्या प्रश्नोत्तरातून निघाला आहे. गीतरामायण म्हणून आज आपण जे ऐकतो, ते 1955 साली महाराष्ट्राने ऐकलेले गीतरामायण नव्हे. दोन्हींची शब्दरचना गदिमांची आणि चाली बाबूजींच्याच, पण कृती दोन आहेत. दुसरी इतकी सर्वत्र पोचली की पहिली होती, याचाही विसर पडत चालला आहे. एखाद्या अभिजात कृतीचा वर्धापन आला की तिचे नवे संस्करण निघावे अशी रसिकांची आस असते. गीतरामायणाच्या बाबतीत ही आस नेमकी कशाची असावी, एवढेच येथे तपासायचे आहे.

आधी माहितीचा भाग. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरचे सीताकांत लाड यांच्या आग्रहातून ही मालिका उभी राहिली. 1 एप्रिल 1955, शुक्रवार, रामनवमी या दिवशी पहिले गीत प्रसारित झाले. दर शुक्रवारी सकाळी पावणेनऊला नवे गीत यायचे आणि तेच शनिवारी व रविवारी पुन्हा लागायचे. त्या वर्षी अधिक मास आला, त्यामुळे बावन्नाची छप्पन्न गीते झाली. 19 एप्रिल 1956 च्या रामनवमीला मालिका संपली. 1957 च्या विजयादशमीला केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने गीतांचे पुस्तक काढले.

या मालिकेत पात्रागणिक गायक होते. रामाची गीते स्वतः सुधीर फडके गात. कौसल्या ललिता फडके यांच्या आवाजात आली, सीता माणिक वर्मांच्या, विश्वामित्र राम फाटक यांच्या, लक्ष्मण सुरेश हळदणकरांच्या. आईला दोष देणारा भरत वसंतराव देशपांडे यांनी गायला. पंचावन्नाव्या गीतात वनात सोडलेली सीता बोलते. ते लता मंगेशकरांकडे गेले. म्हणजे हे आवाजांनी उभे केलेले नाटक होते, आणि ते आठवड्याला एक प्रवेश या गतीने वर्षभर चालले.

पुढे 1960 च्या दशकात एचएमव्हीने दहा लाँगप्ले ध्वनिमुद्रिकांचा संच काढला. त्यात छप्पन्नही गीते बाबूजींच्या एकट्या आवाजात आहेत. नंतरच्या कॅसेटी, सीडी आणि आजची मोबाइलवरची गाणी या संचाची लेकरे आहेत. बाबूजींचे मंचावरचे कार्यक्रमही याच एकल रूपाचे होते. रामनवमीला गल्लोगल्ली कर्ण्यावर लागते तेही हेच.

यावर कुणी म्हणेल, मग बिघडले काय? हा आक्षेप कच्चा नाही. गदिमांची मांडणीच अशी आहे की दोन कुमार रामासमोर रामचरित्र गात आहेत. पहिल्या गीतात आपण त्यांना दरबारात गाताना पाहतो, आणि छप्पन्नाव्यात वाल्मीकी त्यांना गायला पाठवतात. शेवट पुन्हा आरंभाशी येऊन मिळतो. सारी पात्रे कुशलवांच्या तोंडूनच बोलत असतील तर एकाच गायकाने ती गाणे हे चौकटीला धरूनच आहे. शिवाय आपल्याकडे कीर्तनकार एकटाच कैकेयीही होतो आणि जटायूही. बाबूजींचा शब्दोच्चार असा की अनोळखी संस्कृत शब्दसुद्धा पहिल्या ऐकण्यात कळावा. एकल संच ही थोर कामगिरी आहे, आणि ती थोर आहे म्हणूनच तिने पहिलीला झाकून टाकले.

पण ऐकताना फरक पडतो तो सीतेपाशी. बाबूजी ते गीत गातात तेव्हा आपल्याला सीतेबद्दल करुणा वाटते. एक हळवा निवेदक तिचे दुःख आपल्यापुढे ठेवतो आणि आपण त्याच्या बाजूला बसून हळहळतो. रामाचा आवाज आणि रामाने टाकलेल्या बाईचा आवाज एकच असल्याने तिच्या प्रश्नाची धार नकळत बोथट होते. प्रश्न विचारणाराच उत्तराचा धनी असावा तसे काहीसे. पहिल्या मालिकेत ते गीत येते तेव्हा चोपन्न आठवडे ओळखीचा झालेला रामाचा आवाज तिथे नसतो. एक बाई एकटी बोलते, आणि ते ऐकायला समोर फक्त लक्ष्मण आहे. लताबाईंनी तिथे हुंदके घातलेले नाहीत. स्वर सरळ ठेवला आहे. मी ते आकाशवाणीच्या पुनःप्रसारणावरून कुणी घरी टेपवर उतरवलेल्या प्रतीत ऐकले, खरखरीसकट. काकांचा प्रश्न तेव्हा मला कळला.

भरताचेही तसेच. वसंतरावांच्या गळ्यातली तडफ क्रोधाला शोभते. बाबूजींच्या आवाजात तोच भरत रागावतो खरा, पण रामाच्या सौम्य वळणाने. रामाच्या घरात सगळेच रामासारखे बोलू लागतात!

गीतरामायणावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात राग हमखास मोजले जातात, आणि छत्तीस हा आकडा तर पाठच झाला आहे. आवाज मात्र फारसे कुणी मोजत नाही. समीक्षकासमोर एकच संहिता ठेवली तर त्याला पाठभेद कसा दिसणार? ज्ञानेश्वरीच्या प्रतींचे पाठ आपण इतक्या निगुतीने जुळवतो. गेल्या शतकातल्या एका ध्वनिरूप ग्रंथाचे जुळवायला हवेत हे कुणाच्या मनात येत नाही.

इथे परदेशातल्या रॉक संगीताच्या चाहत्यांकडून शिकण्यासारखे आहे. बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'ला 2017 साली पन्नास वर्षे झाली तेव्हा नव्या मिश्रणाबरोबर स्टुडिओतले आधीचे, टाकून दिलेले प्रयत्नही प्रसिद्ध झाले. चाहत्यांना तेच हवे असते, कृती घडत असतानाचा आवाज. आपल्याला जास्त जवळचे उदाहरण 1994 चे. बीटल्सनी 1963 ते 1965 या काळात बीबीसी रेडिओसाठी गायलेल्या गाण्यांचा संग्रह त्या वर्षी निघाला. त्यातली तीस गाणी त्यांनी रेकॉर्डवर कधी आणलीच नव्हती. बीबीसीने बऱ्याच फिती पुसून पुन्हा वापरल्या होत्या, त्यामुळे काही गाणी श्रोत्यांनी घरी उतरवून ठेवलेल्या टेपांवरून घ्यावी लागली. संग्रहातली गाणी किती? छप्पन्न. योगायोगच, पण माझ्यासारख्याला तो सोडवत नाही.

अर्थात तिकडे सगळे रसिकतेतून होते असे नाही. युरोपात 2011 च्या निर्देशाने ध्वनिमुद्रणाचा हक्क पन्नासावरून सत्तर वर्षांवर गेला, पण पन्नास वर्षांत प्रसिद्धच न झालेल्या मुद्रणांना ही वाढ नव्हती. म्हणून 2012 च्या अखेरीस बॉब डिलनच्या 1962 मधल्या अप्रकाशित मुद्रणांच्या शंभरेक प्रती घाईने बाजारात टाकल्या गेल्या. हक्क टिकवण्यासाठी काढलेला तो वर्धापन होता.

आपला कायदा वेगळा आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे राहतो, आणि लोकांपर्यंत प्रसारणाने पोचवणे हेही कायद्याच्या व्याख्येत प्रकाशनच. या हिशेबाने 1955-56 च्या मुद्रणांची मुदत केव्हाच सरली, आणि 1960 च्या दशकातल्या मुद्रणांची वर्षागणिक सरते आहे. पण मुद्रण मोकळे झाले म्हणजे गाणे मोकळे झाले असे नाही. शब्दांचा आणि चालीचा हक्क कर्त्याच्या निधनानंतर साठ वर्षे चालतो. गदिमा 1977 च्या डिसेंबरात गेले, बाबूजी 2002 च्या जुलैत; म्हणजे शब्द 2037 अखेर आणि चाली 2062 अखेरपर्यंत बांधलेल्या. मी वकील नाही, कायद्याचे पुस्तक वाचून हे मांडतो आहे. पण एवढे दिसते की कुणा एकाने मनात आणून हे काम होणार नाही. आकाशवाणी, दोन्ही घराणी आणि कदाचित रेकॉर्ड कंपनी यांना एकत्र बसावे लागेल.

2019 साली गदिमा आणि बाबूजी या दोघांचीही जन्मशताब्दी होती. माझ्या ओळखीच्या चारदोन संग्राहकांना आणि मला तेव्हा फार आशा होती. कार्यक्रम भरपूर झाले, बहुतेक एकल गीतरामायणाचेच, नव्या गायकांनी बाबूजींच्या वळणाने गायलेले. आता 2030 ची रामनवमी समोर आहे. मालिकेला पंचाहत्तर वर्षे होतील.

तेव्हा जे निघावे असे मला वाटते ते साधे आहे. छप्पन्न गीते प्रसारणाच्या क्रमाने, प्रत्येकावर गायकाचे आणि तारखेचे नाव, साथीदारांची नावेही. प्रभाकर जोगांचे व्हायोलिन या गाण्यांत किती बोलते हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते, पण वेष्टनावर सापडेलच असे नाही. ज्या गीताचे मूळ मुद्रण सापडणार नाही तिथे तसे स्पष्ट लिहावे आणि जागा रिकामी ठेवावी. एकल संचातले गाणे आणून भोक बुजवू नये. आणि कृपा करून साफसफाई बेताची करावी. जुन्या गाण्यांत ढोलक-ताशा मिसळून 'झंकार' कॅसेटी विकल्या गेल्या तो काळ आम्ही पाहिला आहे. खरखर काढताना श्वास निघून जातो, आणि माणिकबाईंचे गाणे श्वासाने ऐकायचे असते.

गीतरामायणाची भाषांतरे झाली त्यांत सिंधीही आहे. हे मला फार उशिरा कळले, काका गेल्यावर. त्यांना ते मिळाले असते तर मराठी अडले म्हणून विचारावे लागले नसते. पण बाई का गात नाही हा प्रश्न सिंधीतही उरलाच असता.

1955 साली घरी टेपरेकॉर्डर असणारी मंडळी थोडीच. पुढच्या पुनःप्रसारणांच्या कॅसेटी मात्र पुणे-नाशिकपासून बदलापूर-अंबरनाथपर्यंत माळ्यांवर पडून असणार. घर आवरताना त्या भंगारात जातात, कारण वर नुसते 'गीतरामायण' लिहिलेले असते आणि ते तर मोबाइलवर आहेच असे मुले म्हणतात. सापडली तर एकदा लावून पाहा. विश्वामित्र आणि राम वेगवेगळ्या आवाजात बोलत असतील तर डबीवर आवाजांची नावे लिहा, तारीख आठवत असेल तर तीही, आणि कॅसेट उन्हापासून व स्पीकरच्या चुंबकापासून दूर ठेवा. बुरशी असेल तर आधी जाणकाराकडून पुसून घ्या. तशीच लावली तर फीत तुटते.