वास्तूचें छायाचित्र आणि स्थळाची पारख

छायाचित्रकलेविषयीं मराठींत जें लिहिलें जातें, त्यांत यंत्राची व भिंगाची चर्चा पुष्कळ असते. परंतु यंत्र कोठें ठेवावें, कोणत्या घराचें दार ठोठवावें आणि तें कोणत्या वेळीं, ह्या प्रश्नांचा विचार क्वचितच आढळतो. वास्तूच्या चित्रणांत तर हाच मुख्य प्रश्न होय. माणूस चित्रकाराकडे चालत येतो. वास्तूकडे चित्रकारालाच जावें लागतें. ह्या पारखीचे निरनिराळे प्रकार तपासून पाहावयास आमचा खानदेश फार सोयीचा आहे.

पहिलें उदाहरण रॉबर्ट गिल ह्याचें. मद्रासच्या लष्करांतील ह्या अधिकाऱ्यास १८४४ सालीं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमण्यांत आलें. त्यानें रंगविलेल्या बहुतेक नकला १८६६ सालीं लंडनजवळच्या सिडनॅम येथील स्फटिकगृहास लागलेल्या आगींत जळाल्या. मात्र मध्यंतरीं त्यानें छायाचित्रणहि हातीं घेतलें होतें, आणि तीं छायाचित्रें जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह १८६४ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं होतीं. त्या काळीं काचेवर रसायन चढवून ती ओली असतांनाच चित्र घ्यावें व धुवावें लागे. म्हणजे काळोखाचा तंबू आणि पाणी हीं दोन्ही लेण्याच्या तोंडाशींच हवींत. त्यांतून अजिंठ्याचा डोंगर घोड्याच्या नालासारखा वळलेला, त्यामुळें प्रत्येक लेण्यास उजेड मिळण्याची वेळ निराळी. एका दिवसाच्या पाहुण्यास हें साधणें शक्य नाहीं. गिल तेथें वर्षानुवर्षें राहिला, आणि १८७९ सालीं मरण पावल्यावर त्याचें दफनहि भुसावळासच झालें. स्थळाची पारख म्हणजे पुष्कळ अंशीं स्थळाचा सहवास, हा त्याच्या चरित्राचा आम्हांस दिसणारा अर्थ होय.

दुसरें उदाहरण पुरातत्त्वखात्याच्या हेन्री कझिन्स ह्याचें. दख्खनच्या मध्ययुगीन देवालयांवरील त्याचा ग्रंथ १९३१ सालीं निघाला. साक्री तालुक्यांतील बळसाण्याच्या देवळांसारखीं आडबाजूचीं स्थळें ह्या ग्रंथामुळें अभ्यासकांच्या दृष्टीस पडलीं, हें त्याचें ऋण मोठें आहे. अशा सरकारी चित्रणांत मोजमापाची शिस्त असते, आणि मनुष्य उभा केलाच तर तो बहुधा मोजपट्टी म्हणून. परंतु ही निवड कचेरीची निवड होय. जें प्राचीन तेंच चित्रणीय, असा तिचा दंडक. धाब्याचीं घरें, सागवानी खांबांच्या ओसऱ्या, व्यापाऱ्यांच्या पेढ्या ह्यांस तींत जागा नाहीं. हा दंडक पुढील चित्रकारांनीं डोळे मिटून स्वीकारला. परिणाम असा कीं, हजार वर्षांपूर्वीचें देऊळ कसें होतें हें आज आपणांस दाखवितां येतें, पण आपल्या पणजीचें स्वयंपाकघर कसें होतें हें दाखवितां येत नाहीं.

तिसरें उदाहरण चाळीसगांवचे केकी मूस (१९१२–१९८९) ह्यांचें, आणि तें ह्या दोघांच्या अगदीं उलट आहे. विलायतेंत कलाशिक्षण घेऊन परतल्यावर ह्या कलावंतानें आयुष्याचीं सुमारें पन्नास वर्षें आपल्या घरांतच काढलीं. मेजावर लहानसहान वस्तु मांडून, त्यांवर प्रकाश योजून, ते विस्तीर्ण निसर्गदृश्याचा भास निर्माण करीत. स्थळ शोधावयास ते बाहेर पडले नाहींत. त्यांनीं स्थळ घडविलें. ह्यावरून कोणी म्हणेल कीं, मग भटकण्याची आवश्यकताच काय? आमचें उत्तर असें कीं, आपल्या मेजावर वस्तु हवी तशी मांडणें ही निर्मिति होय. दुसऱ्याच्या घरांत तसें करणें ही खोटी साक्ष होय.

हें आम्ही अनुभवानें शिकलों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या एका विद्यार्थ्याबरोबर धुळ्यांतील एका जुन्या वाड्याचें माजघर चित्रित करावयास आम्ही गेलों होतों. कडीपाट सुरेख, देवळ्या रेखीव. पण मध्यें खाट, कोपऱ्यांत जातें, दोरीवर लुगडीं. रचनेच्या सौंदर्यास ह्यानें बाध येतो असें आम्हींच सुचविलें, आणि जातें उचलावयास हातहि लावला. चित्र नामी आलें, जाणकारांनीं वाखाणलें. वर्षाच्या आंत वाटण्या झाल्या व वाडा पाडला गेला. घरच्या आजीबाईंस ती प्रत नेऊन दिली तेव्हां त्यांनीं ती बराच वेळ न्याहाळली आणि विचारलें, "हें कोणाचें घर?" त्या माजघराचें दुसरें चित्र कोणापाशींच नाहीं.

ह्या प्रश्नानें आमच्या सौंदर्यशास्त्राचा निकाल लावला. ह्याच धुळ्यांत १९२६ सालीं इतिहासाचार्य राजवाडे निवर्तले. त्यांनीं गांवोगांव दारें ठोठावून दप्तरें मिळविलीं. कागद फाटका आहे किंवा अक्षर वेडेंवांकडें आहे म्हणून त्यांनीं तो टाकून दिला नाहीं, वा त्यांतील ओळी आपल्या रुचीप्रमाणें गाळल्या नाहींत. वास्तूच्या चित्रकारानें स्थळ निवडतांना हीच वृत्ति धरावी. गिलचा धीर, कझिन्सची शिस्त, मूसांची प्रकाशाची जाण हीं सर्व त्यास हवींत. परंतु राजवाड्यांचा हा प्रामाणिकपणा नसेल तर तीं व्यर्थ होत.

आज चित्र घेण्याचें यंत्र बहुतेकांच्या खिशांत असतें. तेव्हां वाचकांस आमची विनंती एवढीच कीं, अजिंठ्यास जरूर जावें. परंतु त्यापूर्वीं एकदां आपल्याच घराचें माजघर, सकाळीं उजेड आंत येतो त्या वेळीं, कांहींएक न हलवितां टिपून ठेवावें. जातें असल्यास तें जागच्या जागींच राहूं द्यावें.